तुल्यवित्त

खानदेशात चाळीसगावपासून काही कोसांवर, अजिंठ्याच्या डोंगररांगेला बिलगून, पाटण नावाचे जे एकेकाळी नांदते आणि आज ओसाड असलेले स्थळ आहे, तेथील देवळातल्या एका शिलालेखाने महाराष्ट्राच्या विद्येच्या इतिहासातील एक पान अनपेक्षितपणे उघडून दिले. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ साली हा लेख विद्वानांसमोर मांडला. त्यातील मजकूर थोडक्यात असा की, भास्कराचार्यांचा नातू चंगदेव, जो देवगिरीच्या सिंघण यादवाचा मुख्य ज्योतिषी होता, त्याने आपल्या आजोबांचे सिद्धांतशिरोमणी इत्यादी ग्रंथ शिकवले जावेत एवढ्याच हेतूने येथे मठ स्थापन केला. आणि त्या मुलखावर सिंघणाचे मांडलिक म्हणून राज्य करणाऱ्या निकुंभवंशीय सोइदेवाने व त्याच्या पश्चात त्याचा भाऊ हेमाडिदेव याने त्या मठाच्या योगक्षेमाची तजवीज केली. साल इ. स. १२०७. देवळांना, ब्राह्मणांना, तळ्याविहिरींना दिलेल्या दानांचे लेख आपल्याकडे गावोगाव सापडतात. परंतु एका गणितज्ञाच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी कोरलेली अशी सनद विरळाच.

लेखाचा वंशावळीचा व प्रशस्तीचा भाग संस्कृतात आहे, पण उत्पन्नाचा तपशील सुरू होताच भाषा मराठीवर उतरते. कारण तो ज्यांनी पाळावयाचा ते व्यापारी आणि तेली होते. पाटणच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावर राजाकडे येणारा कर आणि घाण्यांवरचे तेल अशा बाबी त्यात मठाकडे लावून दिल्या आहेत. ज्या बाजाराच्या हिशेबातून बीजगणिताचे कित्येक प्रश्न उचलले गेले, तसल्याच बाजाराच्या करावर त्या बीजगणिताचे अध्यापन चालावे, यात मला तरी मोठे औचित्य दिसते.

त्या मठात विद्यार्थ्यांपुढे काय ठेवले जात असेल, हे सांगण्यास कल्पनेची गरज नाही, कारण ग्रंथ आपल्या हातात आहेत. सिद्धांतशिरोमणीचा एक भाग असलेले ‘बीजगणित’ भास्कराचार्यांनी शके १०७२ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी पुरे केले. त्यातील एकवर्णसमीकरणाच्या प्रकरणात, म्हणजे जेथे अज्ञात राशी एकच असते तेथे, घोड्यांचा एक प्रश्न आहे. एका मनुष्यापाशी रोख तीनशे आणि सहा घोडे आहेत; दुसऱ्यापाशी तशाच, सारख्या किमतीच्या दहा घोड्यांची पागा आहे, पण त्याच्या डोक्यावर शंभरांचे ऋण आहे; आणि तरीही दोघे तुल्यवित्त, म्हणजे सारखेच धनवान आहेत. तर एका घोड्याचे मोल काय?

हस्तलिखितांत याची मांडणी मोठी देखणी असते. अज्ञाताला यावत्तावत् म्हणत व त्याचे आद्याक्षर ‘या’ लिहीत. ज्ञात संख्येला रूप म्हणत व तिच्यापुढे ‘रू’ हे अक्षर ठेवीत. ऋण राशीच्या अंकावर टिंब देत. वरच्या ओळीत ‘या ६ रू ३००’, आणि तिच्या बरोबर खाली ‘या १० रू १००’, या शेवटच्या शंभरावर टिंब. दोन्ही पक्षांतली सजातीय पदे एकाखाली एक यावीत म्हणून, जेथे एखादे पद नसेल तेथे शून्य लिहून जागा भरून काढण्याची वहिवाट होती. आता एका पक्षातील अव्यक्त, म्हणजे अज्ञात, दुसऱ्यातून वजा करावयाचे, आणि दुसऱ्याची रूपे पहिल्यातून. सहा दहांतून गेले की चार राहतात, आणि तीनशेतून ऋण शंभर वजा केले की चारशे होतात. चारशेला चाराने भागले, मोल शंभर आले. दोघांचेही वित्त नऊशे.

एवढ्यावर थांबणारा गुरू भास्कराचार्य नव्हता. पुढच्याच श्लोकात तो तेच घोडे, तीच रोकड आणि तेच ऋण ठेवून अट मात्र बदलतो. पहिल्याच्या वित्ताच्या निम्म्यात दोन मिळवले असता ते दुसऱ्याइतके होत असेल तर? मोल ३६ येते; पहिल्याचे वित्त ५१६, त्याचे निम्मे २५८, त्यात दोन घातले की २६०, आणि दुसऱ्याचे तीनशे साठातून शंभराचे ऋण फेडून उरलेले तेवढेच. पहिला दुसऱ्याच्या तिप्पट धनवान असेल तर? मोल २५ येते. एकाचे ४५०, दुसऱ्याचे १५०. ही तीन उत्तरे चढत्या क्रमाने शेजारी ठेवून पाहावीत. घोडा पंचविसाला मिळतो तेव्हा कर्जदार पागेवाला पहिल्याच्या एकतृतीयांशावर आहे. छत्तिसाला तो निम्म्याच्या किंचित वर येतो. शंभराला बरोबरी गाठतो. आणि शंभरापुढे भाव चढत गेला तर तो पुढे निघून जातो व पुन्हा मागे पडत नाही. आरंभी दोघांत चारशेची तफावत आहे, आणि घोड्याचा भाव एकाने वाढला की ती चाराने घटते. आरंभीची रोकड वेगळी आणि वाढीचा वेग वेगळा, या दोन गोष्टी मनात स्पष्टपणे विलग ठेवल्या की सगळा प्रश्न उलगडतो. भास्कराचार्याने यासाठी रेषा काढली नाही, पण तीन अटींनी एकाच चढणीवरच्या तीन जागा विद्यार्थ्याला दाखवल्या. हे त्याने जाणूनबुजून केले असावे, अशी माझी समजूत आहे. नुसते भागाकार घटवून घ्यावयाचे असते तर त्याला प्रत्येक वेळी नवे घोडे विकत घेता आले असते.

हा प्रश्न त्याने शून्यातून निर्माण केलेला नव्हे. इ. स. ४९९ मध्ये रचलेल्या आर्यभटीयाच्या गणितपादात दोन समधन मनुष्यांचा नियम आलेला आहे. दोघांपाशी सारख्या मोलाच्या वस्तू कमीअधिक संख्येने आहेत आणि द्रव्यही कमीअधिक आहे. तर द्रव्यातील अंतराला वस्तूंच्या संख्येतील अंतराने भागावे, मोल मिळते. ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये हाच नियम अव्यक्त आणि रूपे यांच्या भाषेत सांगून त्याला व्यापक केले. परंतु आर्यभटाच्या त्या श्लोकाच्या लगेच पुढचा श्लोक कशाविषयी आहे, याकडे आमच्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. तो दोन गतिमान पिंडांच्या भेटीविषयी आहे: परस्परांसमोरून येणारे असतील तर मधल्या अंतराला गतींच्या बेरजेने, आणि एकाच दिशेने जाणारे असतील तर गतींच्या वजाबाकीने भागावे, म्हणजे भेटीचा काळ येतो. सावकाराच्या ओसरीवरचा प्रश्न आणि आकाशातला प्रश्न लागोपाठच्या दोन श्लोकांत शेजारी बसले आहेत, आणि दोहोंचे गणित एकच आहे. चंद्राची दैनंदिन मध्यम गती ७९० कला ३५ विकला, सूर्याची ५९ कला ८ विकला. वजाबाकी ७३१ कला २७ विकला. संपूर्ण वर्तुळाच्या २१६०० कलांना तिने भागले की साडेएकोणतीस दिवसांचा चांद्रमास हाती येतो. अमावास्या म्हणजे आकाशातील दोन तुल्यवित्तांची गाठ.

मात्र अज्ञात एकाहून अधिक झाले की सावकाराच्या ओसरीवरही काम कठीण होते. राष्ट्रकूट नृपतुंग अमोघवर्षाच्या काळी, म्हणजे नवव्या शतकाच्या मध्याला, महावीराचार्य नावाच्या जैन पंडिताने ‘गणितसारसंग्रह’ रचला. त्यात फळबाजारातला एक प्रश्न आहे: नऊ महाळुंगे व सात कवठे यांची किंमत १०७, आणि सात महाळुंगे व नऊ कवठे यांची १०१, तर प्रत्येकाची किती? त्याने दिलेली रीत अशा उलटसुलट संख्यांसाठीच बेतलेली आहे. मोठ्या किमतीला मोठ्या संख्येने गुणून ९६३, लहानीला लहानीने गुणून ७०७, वजाबाकी २५६; संख्यांच्या वर्गांचे अंतर ३२; भागाकार आठ, हे महाळुंगाचे मोल. कवठ मग पाचाला पडते. रीत सुबक खरी, पण प्रश्न जरा आडवातिडवा झाला की ती लंगडी पडते.

भास्कराचार्याने अनेकवर्णसमीकरणाच्या प्रकरणात ही अडचण मुळापासून दूर केली. दुसऱ्या अज्ञाताला कालक, तिसऱ्याला नीलक, चौथ्याला पीतक अशी रंगांची नावे देऊन, प्रत्येक दोन समान पक्षांतून पहिल्या वर्णाचे मोल इतर वर्णांच्या रूपाने काढावयाचे, अशी दोन मोले परस्परांशी समान म्हणून मांडावयाची, म्हणजे एक वर्ण गळून पडतो. पुन्हा तेच करावयाचे, दुसरा गळतो. आणि शेवटी दोन वर्ण उरून समीकरण एकच राहिले तर कुट्टक नावाच्या रीतीने पूर्णांकी उत्तर काढावयाचे. यातले त्याचे उदाहरण चार व्यापाऱ्यांचे आहे, आणि ते सोडवताना विद्यार्थ्याच्या कपाळाला घाम येत असणार. पहिल्यापाशी ५ घोडे, २ उंट, ८ खेचरे, ७ बैल. दुसऱ्यापाशी ३, ७, २, १. तिसऱ्यापाशी ६, ४, १, २. चौथ्यापाशी ८, १, ३, १. आणि चौघेही तुल्यवित्त. अज्ञात चार, पण तुल्यतेच्या अटी तीनच, म्हणून मोलांचे परस्परप्रमाण तेवढे ठरते. सर्वांत लहान पूर्णांक घेतले तर घोडा ८५, उंट ७६, खेचर ३१ आणि बैल ४. प्रत्येकाचे वित्त ८५३. वाचकाने हातात कागद घेऊन एकदा पडताळा पाहावा. इतक्या ओबडधोबड आकड्यांतून चार ठिकाणी ८५३ उमटते तेव्हा, बीज म्हणजे अक्षरांची मांडामांड नसून बुद्धीच बीज होय, असे जे आचार्य सांगतात त्याची प्रचीती येते.

माणके, नीलमणी आणि मोती यांच्या दुसऱ्या एका प्रश्नात तर त्याने अज्ञात तीन आणि अट एक, अशी परिस्थिती असताना मोलांचे प्रमाण तीन, दोन, एक असे स्वतःच धरून वाट काढली आहे. एकाकडे ५ माणके, ८ नीलमणी, ७ मोती व रोख ९०. दुसऱ्याकडे ७, ९, ६ व रोख ६२. त्या गृहीताने मोले १२, ८ आणि ४ येतात. गृहीत बदलले की उत्तर बदलते, आणि अटी अपुऱ्या असल्या की उत्तरांना अंत नसतो, ही जाणीव या विद्येच्या पोटात होती. तिचे स्मरण ठेवावे, कारण पुढे महाराष्ट्राला तिच्या विस्मरणाचे मोल फार जड द्यावे लागले.

यादवांचे राज्य गेले आणि मठही काळाच्या ओघात नाहीसा झाला, परंतु परंपरा तुटली नाही. गोदातीरीच्या पार्थपुरात, म्हणजे आजच्या पाथरीच्या परिसरात, सूर्यदासाने १५३८ मध्ये ‘बीजगणिता’वर टीका लिहिली, आणि कोकणात नांदगावी गणेश दैवज्ञाने १५४५ मध्ये भास्कराचार्यांच्या लीलावतीवर ‘बुद्धिविलासिनी’ रचली. पण या गणेशाचे नाव घरोघर गेले ते त्याने शके १४४२, इ. स. १५२० हे वर्ष आरंभ धरून रचलेल्या ‘ग्रहलाघवा’मुळे. ज्या-चापांची कटकट टाळून ग्रह काढण्याची सोपी रीत सांगणारा हा ग्रंथ पुढे साडेतीन शतके महाराष्ट्रातील जोशीमंडळींचा आधार होऊन राहिला. त्याची बैठक पाहिली तर घोड्यांच्या प्रश्नाचीच आहे. आरंभीच्या क्षणी ग्रह कोठे होता, तो क्षेपक. ४०१६ दिवसांचे एक चक्र, म्हणजे सुमारे अकरा वर्षे, उलटले की करावयाचा ठरलेला फरक, तो ध्रुवक. आणि चालू चक्रातील दिवसांना दैनंदिन गतीने गुणून येणारी बेरीज. क्षेपक म्हणजे रोकड, गती म्हणजे घोड्यांची संख्या. रोकड चुकली तर चूक आहे तेवढीच राहते. गती चुकली तर ती वर्षागणिक फुगते.

आणि गती चुकलेलीच होती. सूर्यसिद्धांताचे वर्ष ३६५ दिवस १५ घटी ३१ पळे ३१ विपळे, तर सूर्य त्याच नक्षत्राशी परत येण्याचे प्रत्यक्ष वर्ष ३६५ दिवस १५ घटी २३ पळांच्या आतबाहेर. तफावत सुमारे साडेआठ पळांची, म्हणजे साडेतीन मिनिटांची. सात वर्षांत ती एक घटी होते. ग्रहलाघवाच्या आरंभापासून १८६५ पर्यंतच्या ३४५ वर्षांत ४९ घटींवर, पाऊण दिवसाच्या पुढे जाते. दुसरीकडे, विषुवबिंदूच्या मागे सरकण्याची, म्हणजे अयनांशांची, गणेशाने ठरवलेली गती वर्षाला एक कला आहे. शके ४४४ मध्ये अयनांश शून्य, म्हणून चालू शकातून ४४४ वजा करून साठाने भागले की अंश आले, इतकी ती रीत सोपी. प्रत्यक्ष गती मात्र सव्वापन्नास विकलांची आहे.

एका ग्रंथात दोन चुका, आणि दोन्ही शतकानुशतके कोणास खुपू नयेत याचे आश्चर्य वाटते. पण त्याचे कारण शुद्ध बीजगणिती आहे. साडेआठ पळांत सूर्य सुमारे साडेआठ विकला चालतो. त्या खऱ्या अयनगतीच्या सव्वापन्नास विकलांत मिळवल्या की पावणेएकोणसाठ विकला होतात, म्हणजे गणेशाच्या एका कलेच्या अगदी जवळ. दिवस-रात्र सारखी कधी होते हे शंकूची सावली मोजून पाहणाऱ्याला वर्षमानातील चूक आणि अयनगती या दोहोंची बेरीजच काय ती दिसते. त्यांतली कोणती किती, हे ती सावली सांगू शकत नाही. अज्ञात दोन, समीकरण एक. माणके, नीलमणी आणि मोती यांच्यासारखीच ही अवस्था, आणि आमच्या पूर्वजांनी एका अज्ञाताचे मोल परंपरेवर भिस्त ठेवून गृहीत धरले, त्याबरोबर दुसरे आपोआप चुकले.

दुसरे समीकरण ताऱ्यांच्या सूक्ष्म वेधांतून आले, आणि ते इंग्रजी नाविक पंचांगाच्या रूपाने महाराष्ट्राच्या हाती लागले. केरो लक्ष्मण छत्रे, ज्यांना पुणे केरूनाना म्हणून ओळखत असे, त्यांनी आबासाहेब पटवर्धनांच्या साहाय्याने शके १७८७, म्हणजे १८६५, पासून नव्या मानाचे पंचांग काढले. ते पटवर्धनी पंचांग म्हणून प्रसिद्ध झाले. वर्षमान सुधारले, अयनगती सुधारली. यावर जुन्या मंडळींनी जो गदारोळ केला त्याची हकिकत शंकर बाळकृष्ण दीक्षितांच्या १८९६ च्या ‘भारतीय ज्योतिःशास्त्रा’त ज्याने वाचली आहे, त्याला हा केवळ धर्माभिमानाचा कज्जा वाटणार नाही. श्राद्धाची तिथी, एकादशी आणि अधिकमास ज्याच्यावर ठरतात ते मान बदलणे म्हणजे प्रत्येक घराच्या रोजकीर्दीतली बाकी बदलणे होते.

गतीचा प्रश्न अशा रीतीने मिटला, पण क्षेपकाचा उरला. अयनांश मोजावयाचे ते कोणत्या आरंभस्थानापासून? रेवती नक्षत्रातील एक बारीक तारा धरणारा तो रैवतपक्ष. केरूनाना त्या बाजूचे, आणि लोकमान्य टिळकांचाही कौल तिकडे. चित्रा ताऱ्याच्या समोरचा बिंदू धरणारा तो चित्रापक्ष. व्यंकटेश बापूजी केतकरांसारखा कसलेला गणिती त्याचा पुरस्कर्ता. सांगलीस १९२० साली ज्योतिषसंमेलन भरले, त्यानंतर रैवतपक्षाचे पंचांग टिळक पंचांग या नावाने रूढ झाले. पुढे मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखालील पंचांगसुधारणा समितीने चित्रापक्षाला जवळचा अयनांश, २१ मार्च १९५६ रोजी २३ अंश १५ कला, असा मान्य केला.

येथे एक गणित करून पाहण्यासारखे आहे. त्याच वर्षी, शके १८७८ मध्ये, गणेश दैवज्ञाच्या रीतीने अयनांश येतात २३ अंश ५४ कला. समितीच्या अंकाहून ३९ कला, म्हणजे २३४० विकला अधिक. गतींतील अंतर वर्षाला पावणेदहा विकला. भागाकार २४०. याचा अर्थ, १७१६ च्या सुमारास, बाळाजी विश्वनाथ भट साताऱ्यास शाहू महाराजांची पेशवाई सांभाळत असताना, कोकणातल्या जोश्याचे जुने गणित आणि दिल्लीच्या समितीचे नवे गणित अयनांशांपुरते तंतोतंत तुल्यवित्त होते. त्याआधी गणेशाचे आकडे कमी पडत आणि त्यानंतर ते पुढे निघून गेले. वेग भिन्न असलेल्या दोन गणनांची कोठे ना कोठे अशी गाठ पडतेच.

रैवत आणि चित्रा यांची ती पडत नाही. दोघांनीही अयनगती एकच मानली आहे. भेद आहे तो आरंभाचा, सुमारे चार अंशांचा. आर्यभटाचा नियम येथे लावू गेल्यास भाज्य चार अंश राहतो आणि भाजक शून्य होतो, आणि शून्याने भागलेल्या राशीला भास्कराचार्यांनी खहर म्हणून, कितीही मिळवा वा काढा, तिच्यात विकार होत नाही असे सांगून ठेवले आहे. सूर्याला चार अंश चालण्यास चार दिवस लागतात. म्हणून टिळक पंचांगाची मकरसंक्रांत १० जानेवारीला येते आणि इतरांची १४ जानेवारीला, आणि एखाद्या वर्षी अधिकमास निराळा पडून दिवाळीही महिन्याच्या अंतराने होते. अयनगतीमुळे दोन्ही संक्रांती इंग्रजी तारखांत सावकाश पुढे सरकत जातील, सुमारे सत्तर वर्षांत एक दिवस या मानाने. पण सरकतील त्या बरोबरच, आणि त्यांच्यामधले दिवस चारच राहतील.